सोमवारी दुकान बंद असतं

मास्तरांनी पाचव्या भेटीला आणलेला तक्ता इतका नेटका होता की तो फाईलला लावताना मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. तारीख, ठिकाण, त्या क्षणी मनात आलेला विचार, त्या विचाराला दिलेलं उत्तर आणि भीती शंभरपैकी किती. एकूण 14 नोंदी. भीतीचा आकडा 90 वरून दर दोन नोंदींना दहानं उतरत अगदी शिस्तीत 30 वर आलेला. संध्याकाळी दवाखाना बंद करायच्या आधी तो पुन्हा चाळला आणि एका ओळीवर अडकले. 'सोमवार. दुकानात. गिऱ्हाईक समोर असताना धडधड.'

सोमवारी त्यांचं दुकान बंद असतं. म्हणून तर आमच्या भेटी सोमवारी ठरल्या होत्या.

हे प्रकरण त्या एका ओळीचं आहे. मास्तरांनी हा मजकूर छापण्याआधी वाचला आहे, आणि काय ठेवायचं, काय बदलायचं हे दोघांनी मिळून ठरवलं आहे. मी गावाबरोबर धंदाही बदलणार होते. ते म्हणाले, "धंदा राहू द्या, गाव बदला. शिंपी काय मी एकटाच आहे?" तेव्हा गाव बदललं आहे. बोगदा मात्र खरा आहे, त्यातून रोज हजारो माणसं जातात.

मास्तर जेंट्स टेलर. वय 46, घरी बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. महिन्यातून एकदा एसटीनं पुण्याला जाऊन रविवार पेठेतून अस्तर, कॅनव्हास, बटणं आणि कापडगंजातून पँटपीस आणायचे, हा वीस वर्षांचा शिरस्ता. फेब्रुवारीतल्या एका सकाळी गाडी खंबाटकीच्या बोगद्यात वाहतूक तुंबल्यामुळे थांबली. छाती धडधडायला लागली, हातापायांना मुंग्या, घशाला कोरड, श्वास पुरेना. आपण आता जातोय, याची खात्री. बोगद्यापलीकडचं ते बदनाम एस वळण उतरल्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि ट्रक ड्रायव्हरच्या शेजारी बसून उलट्या बाजूनं घर गाठलं.

मग ईसीजी, टूडी इको, ट्रेडमिल टेस्ट, थायरॉईड, हिमोग्लोबिन. सगळं ठीक. "तुम्हाला काही झालेलं नाही" असं तीन डॉक्टरांनी सांगितलं. मास्तरांचा त्यावरचा प्रश्न मला अजून आठवतो: "काही झालेलं नाही, तर मग मी मरतो कशापायी?" शेवटच्या फिजिशियननी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, तिथं कमी मात्रेची एक गोळी सुरू झाली आणि जूनमध्ये ते माझ्याकडे आले. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, औषध लिहायचा अधिकार मला नाही. लोक दोघांनाही डॉक्टरच म्हणतात, त्यामुळे हे पहिल्या भेटीतच सांगून टाकावं लागतं.

निदानात गूढ काही नव्हतं. पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीच्या झटक्यांचा आजार. तोवर चार मोठे झटके येऊन गेले होते आणि झटक्यापेक्षा झटक्याची धास्तीच जास्त जागा व्यापून होती. पुणं बंद. माल एका फिरत्या एजंटाकडून, चढ्या भावानं. सिनेमा बंद, लग्नाच्या पंगतीत खुर्ची दाराजवळची. वरच्या खिशात शेजाऱ्यानं दिलेली सॉर्बिट्रेटची, म्हणजे हृदयविकारात जिभेखाली धरायची गोळी, जी कुठल्याही डॉक्टरानं त्यांना लिहून दिलेली नव्हती. आणि एक सवय: बोलता बोलता उजव्या हाताची बोटं शर्टाच्या डाव्या कफाखाली जायची. नाडी.

या सवयीकडे माझं लक्ष पहिल्याच मिनिटाला गेलं, त्याला कारण आहे. माझे आजोबा वैद्य. कराडच्या वाड्यात ओसरीवर त्यांची बैठक असायची आणि शाळेला सुट्टी असली की मी खांबाला टेकून बघत बसायचे. माणूस यायचा, हात पुढे करायचा आणि गप्प व्हायचा. कुणी हकीकत सांगायला लागलं, तर आजोबा डोळे न उघडता म्हणायचे, "थांब, नाडीला बोलू दे." त्या ओसरीवर मला एक गोष्ट पक्की समजली होती, की जाणणारा तो असतो ज्याला विचारावं लागत नाही. पुढे एम.ए., मग एम.फिल., भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी, सगळं झालं. पण ती ओसरी काही माझ्यातून गेली नाही. मी माणसाला प्रश्न पुष्कळ विचारायचे. उत्तर मात्र आधीच ठरलेलं असायचं.

त्यात माझं सुरुवातीचं शिक्षण विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचं. अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत कि. मो. फडके यांनी मराठी माणसांत रुजवली, आणि ती आपल्याला मानवते याचं एक कारण मला वाटतं की तिच्यात शिकवणं आहे. फळा, खडू, चुकीचा विचार, बरोबर विचार. आपण शाळेत वाढलेली माणसं. समोरचाही वही घेऊनच बसतो. दोष पद्धतीचा नव्हे, एलिस स्वतः समोरच्याशी वाद घालायचे आणि त्यानंही उलटून घालावा अशी त्यांची अपेक्षा असे. माझ्यासमोरची माणसं वाद घालत नाहीत. ती मान डोलावतात.

'सहयोगी' उपचार हा शब्द मला परीक्षेपुरता पाठ होता. फिलाडेल्फियाचे ॲरन बेक मूळचे मनोविश्लेषण शिकलेले, पण त्यांनी रुग्णाच्या विचारांकडे तपासायची गृहीतकं म्हणून बघायला सुरुवात केली, आणि तपासायचं ते दोघांनी मिळून. हे त्यांच्या 1979 च्या नैराश्यावरच्या पुस्तकात आहे. त्याच वर्षी एडवर्ड बॉर्डिन यांनी उपचारातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: कुठं जायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला जिव्हाळा. मी मास्तरांशी जिव्हाळ्यानं वागत होते आणि बाकीची दोन एकमतं झालीच आहेत, असं धरून चालले होते. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना, "मॅडम, तुम्ही म्हणाल तसं."

ध्येय मी लिहिलं होतं: 'झटक्यांचं प्रमाण शून्यावर आणणं, बसप्रवास पूर्ववत.' वहीत लिहून त्यांच्याकडे फिरवलं, त्यांनी वाचलं, "बरोबर आहे" म्हणाले. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये मांडलेलं चक्र मी कागदावर काढून दाखवलं: शरीरात काहीतरी जाणवतं, त्याचा अर्थ 'हार्ट अटॅक' असा लागतो, त्या अर्थानं भीती वाढते, भीतीनं धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड तो अर्थ खरा ठरवते. मास्तरांना हे चक्र पटलं. खरोखर पटलं, नाटक नव्हतं. मग तक्ता दिला. पाच भेटींनंतर तक्त्यात भीती 30 वर, आणि त्रासाची तीव्रता मोजायच्या प्रश्नावलीत (28 पैकी) पहिल्या भेटीला 17, पाचव्या भेटीला 16. हे दोन आकडे एकाच फाईलमध्ये शेजारी शेजारी होते. मी तक्त्यावर विश्वास ठेवला, कारण तक्ता माझा होता.

सहाव्या भेटीला मी तक्ता टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मास्तर, या सोमवारी दुकान उघडलं होतंत का?"

त्यांनी ओळ वाचली. बोटं कफाखाली गेली. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. खाली रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं तेवढं ऐकू येत होतं.

"पोरीनं लिहून दिलं," ते म्हणाले. "आदल्या रात्री. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. आकडे तिनंच घातले. ती म्हणाली, बाबा, उतरते दाखवू, मॅडमना बरं वाटेल."

"आणि तुम्हाला?"

"तुम्ही एवढं जीव तोडून सांगता. रिकामा कागद कसा आणायचा हो तुमच्यापुढं?"

राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. थोडा आला, आणि तो कुणावर आहे हे कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला. त्या क्षणी सुचलं ते एवढंच, की विषय त्यांच्या हातातला घ्यावा. मी विचारलं, "तुमच्याकडं गिऱ्हाईक असं करतं का? मनात एक आणि सांगतंय एक?"

मास्तर पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसले. "तसलंच गिऱ्हाईक जास्त. 'मास्तर, तुम्हीच बघा, तुम्हाला काय सांगायचं!' हे सगळ्यात वाईट गिऱ्हाईक. कच्च्या टाक्यावर ट्रायलला बोलावतो आपण. ते हात पसरून उभं राहतं. काखेत काचत असतं, मला दिसतं काचतंय ते. विचारलं तर म्हणतं, झकास. घेऊन जातं, आणि पुढच्या दिवाळीला दुसऱ्याकडं शिवतं."

"मग तुम्ही काय करता?"

"हात वर करा म्हणतो. खाली वाका म्हणतो. बसा म्हणतो. माणूस खोटं बोलतं, काखेतला मुंढा बोलत नाही. आणि मी आधीच सांगतो, ही शिलाई उसवायचीच आहे, तुम्ही सांगितलं नाही तर माझं काम वाया."

"मास्तर," मी म्हटलं, "गेल्या पाच भेटींत मी तुम्हाला एकदाही हात वर करा म्हटलेलं नाही."

ते हसले. आणि मग, काही न विचारता, वडिलांबद्दल बोलायला लागले. वडीलही शिंपी. मशीनवर बसल्या बसल्या गेले, पायडलवर पाय तसाच. वय 47. मास्तरांना येत्या नोव्हेंबरात 47 लागणार होतं. माझ्या पहिल्या भेटीच्या नमुन्यात 'कौटुंबिक इतिहास: वडील, हृदयविकार' ही नोंद माझ्याच अक्षरात आहे. किती वयात, हे विचारायचं राहिलं होतं. खरं तर राहिलं नव्हतं, मला ते लागणार नाही असं वाटलं होतं. क्लार्कचं चक्र त्याशिवायही पुरं होत होतं.

"शून्य झटके" हे ध्येयही त्यांचं नव्हतं, हे त्याच दिवशी कळलं. "झटका येईल तो येईल," ते म्हणाले. "मला कापड हाताला लावून घ्यायचंय. एजंट मोबाईलवर फोटो दाखवतो. फोटोत कापडाचा पोत कळतो होय?" मी वहीतली जुनी ओळ खोडली. नवी त्यांनी सांगितली आणि त्यांनीच लिहिली: 'स्वतः पुण्याला जाऊन माल निवडून आणणे.'

त्यानंतरच्या भेटींत बदललं ते दिसायला किरकोळ होतं. प्रत्येक भेटीची शेवटची पाच मिनिटं आम्ही 'ट्रायल' म्हणायला लागलो. आज कुठं काचलं, एवढाच प्रश्न, आणि 'झकास' हे उत्तर चालणार नाही असं ठरलेलं. पहिल्या ट्रायलला त्यांनी सांगितलं की मी मराठीत बोलता बोलता मध्येच 'ट्रिगर', 'एक्स्पोजर' म्हणते, तेव्हा त्यांना वाटतं आजार वाढला. दुसऱ्याला म्हणाले, तक्ता नको. त्याऐवजी त्यांनी मापाची वही काढली, छाती-कंबर-उंचीची ती लांबट वही, आणि मागच्या पानांवर स्वतःच्या अक्षरात लिहायला लागले. त्यातल्या नोंदी कुरूप होत्या. 'बस स्टँड 60. गाडीत बसलो 75. उतरलो.' 'घाट नाही, फक्त भुईंजपर्यंत 40. परत येताना 80, का माहीत नाही.' मशीनच्या तेलाचा डाग, एका नोंदीच्या मध्येच कुणाचं तरी कॉलरचं माप. त्या वहीवर माझा पूर्ण विश्वास बसला.

वडिलांच्या वयाची भीती मी 'चुकीचा विचार' या रकान्यात टाकू शकत नव्हते, कारण ती सगळीच चुकीची नव्हती. मास्तर तंबाखू खायचे. मी फिजिशियनना फोन केला, मास्तर समोर असताना, स्पीकरवर. दोन प्रश्न मास्तरांचे होते: माझा धोका किती, आणि ही खिशातली गोळी घेऊ का. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की तपासण्या चांगल्या आहेत, तंबाखू हा खरा धोका आहे तो सोडा, आणि ती गोळी मनानं घ्यायची नाही, रक्तदाब उतरून चक्कर येईल. तिसरा प्रश्न माझा: श्वासाचे आणि जिन्याचे प्रयोग करायला हरकत आहे का? नव्हती.

तो प्रयोग असा. एक मिनिटभर जोरजोरात, धाप लागल्यासारखा श्वास घ्यायचा. शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या, चक्कर, छातीत दडपण, सगळं हजर होतं. ज्याला माणूस हार्ट अटॅक समजतो ते मागवून घ्यायचं आणि काय होतं ते बघायचं. पूर्वी मी घड्याळ धरून बसायचे आणि समोरचा धापा टाकायचा. मास्तर म्हणाले, "तुम्ही पण करा." रास्त होतं. चाळीस सेकंदांत माझ्या ओठांना बधिरपणा आला, बोटं झिणझिणायला लागली, आणि दारावर टकटक करून आत आलेल्या आमच्या मावशींनी दोघांकडे बघून दार परत लावून घेतलं. मास्तर हसत हसत खोकले. मग शांतपणे म्हणाले, "हे तर बोगद्यातलंच आहे की." हीच गोष्ट मी त्यांना जूनपासून कागदावर काढून दाखवत होते.

एका ठिकाणी आमचं जमेना. ती सॉर्बिट्रेट. गोळी खिशात आहे म्हणून वाचलो, असं माणूस धरून बसतो, म्हणून अशा कुबड्या सोडाव्यात असं पाठ्यपुस्तक सांगतं आणि मलाही तेच वाटत होतं. मास्तर गोळी घरी ठेवून निघायला तयार नव्हते. मी माझं मत बदललं नाही, त्यांनी त्यांचं. सहयोगी उपचार म्हणजे रुग्ण म्हणेल त्याला हो, असा समज आहे, तो मला मान्य नाही. मी स्पष्ट सांगितलं की ही गोळी तुमची भीती सांभाळून ठेवते आहे. पुढच्या सोमवारी ते आले आणि शर्टाचा खिसा आतून उलटा करून दाखवला. अस्तराच्या आत गोळी ठेवून वरून कच्चा टाका घातला होता. "घ्यायची तर आधी शिवण उसवावी लागेल. उसवायला वेळ लागतो. तेवढ्यात कळेल, लागते का नाही." मला शंभर वर्षांत हे सुचलं नसतं.

वहिनी एका भेटीला आल्या. मास्तर प्रवासात असले की त्या दर दहा मिनिटांनी फोन करायच्या, "बरं वाटतंय ना?" मी त्यांना काही समजावणार होते, तेवढ्यात मास्तरच बोलले, "तू विचारलंस की मी नाडी बघतो." वहिनींना हे माहीतच नव्हतं. ठरलं असं, की एकच फोन, पुण्यात पोचल्यावर, आणि तो मास्तरांनी करायचा. पहिल्या वेळी वहिनींची अवस्था मास्तरांपेक्षा वाईट झाली असं मुलीनं सांगितलं.

वाढदिवस नोव्हेंबरात पार पडला, त्या आठवड्यात झोप गेली आणि एक झटका दुकानातच आला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते एकटे पुण्याला गेले. बोगदा मोकळा होता तेव्हा घड्याळ लावून बघितलं, दीड मिनिटही लागत नाही. "मला वाटायचं अर्धा तास." जानेवारीतल्या फेरीत मात्र गाडी आतच थांबली, फेब्रुवारीसारखी. वहीत नोंद आहे: 'बोगदा, उभी. 85. शेजारच्याला विचारलं कुठले. 70. चालू झाली. शिवण तशीच.' त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी कॅनव्हासचा एक तुकडा आणला, पोत कसा बघायचा ते शिकवायला. मला अजूनही दोन तुकड्यांतला फरक कळत नाही.

एकूण 15 भेटी झाल्या. शेवटच्या भेटीला प्रश्नावलीचा आकडा 5 होता. गोळी मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालूच होती, त्यामुळे यातलं किती माझ्या कामाचं, किती औषधाचं आणि किती नुसत्या दिवस जाण्याचं, हे या एका प्रकरणावरून सांगता येणार नाही. तंबाखू पूर्ण सुटलेली नाही. बसमध्ये ते अजूनही दाराजवळच बसतात, आणि ते सोडायचं का, यावर आमची चर्चा झाली तेव्हा त्यांनी विचारलं, "का सोडायचं? हवा येते." मी पुढे रेटलं नाही.

या पद्धतीला वेळ लागतो, हेही लिहायला हवं. तक्त्याच्या भानगडीत आणि नंतर पुन्हा मापं घेण्यात आमच्या तीन-चार भेटी गेल्या, आणि त्यांचे पैसे मास्तरांनी भरले. माझ्याकडे अशीही माणसं येतात ज्यांना दोनदाच येणं परवडतं, एक दिवसाची मजुरी बुडवून. त्यांच्यासमोर मी आजही सरळ सांगते काय करा ते, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. फक्त उठायच्या आधी विचारते, यातलं काय तुमच्यानं होणार नाही? बहुतेक वेळा तिथंच खरं बोलणं सुरू होतं आणि वेळ संपलेली असते.

मसुदा वाचायला दिला तेव्हा मास्तर तो आठवडाभर ठेवून होते. परत आला तो खडूच्या खुणांसकट. मुंढा शब्द मी चुकीच्या जागी वापरला होता, तो दुरुस्त केला. त्यांच्या बोलण्यात मी एका ठिकाणी 'नाय' घातलं होतं, ते खोडून 'नाही' केलं. आणि गोळीच्या खिशावर मी निळ्या दोऱ्याचा टाका लिहिला होता, शर्ट निळा म्हणून. तो शब्द खोडून त्यांनी समासात लिहिलं: 'पांढरा. कच्चा टाका दिसायला पाहिजे, नाहीतर उसवायचा राहतो.'